वारं गेलंय म्हणजे काय?

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय डॉक्टरबाई (अजून व्हायच्या आहात, पण कानाला सवय असू दे),

बाबांचा फोन आला होता. उद्यापासून तुझी मेडिसिनच्या वॉर्डात पोस्टिंग, आणि स्टेथोस्कोप कुठला घ्यावा हा प्रश्न. कुठलाही घे. पहिले काही महिने त्यातून फारसं काही कळत नाही, कुणालाच नाही. सरांनी "मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली का?" विचारलं की अख्खी बॅच माना डोलावते. तू डोलावू नकोस. "नाही आली सर" म्हण. शिकवायची हौस असलेला माणूस असेल तर तुझा हात धरून डायफ्रॅम, म्हणजे स्टेथोस्कोपची चकती, बरोबर जागी टेकवेल.

मला सांगायचंय ते कानात नळ्या घालायच्या आधीच्या ऐकण्याबद्दल.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. गाव दुसरं, मी शहरात वाढलेला, शाळा इंग्रजी. एक मुलगा म्हाताऱ्या आईला घेऊन आला. "आईला वारं गेलंय." मी केसपेपरवर गॅसेसचा त्रास असं लिहिलं आणि मोठ्या अगत्यानं पोट वाजवून पाहिलं. पोट छान वाजलं. थोड्या वेळानं रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डातले सीनियर डॉक्टर, आले. "आजी, डोळे मिटा, दोन्ही हात पुढं धरा." डावा हात हळूहळू वळत खाली आला. वारं जाणं म्हणजे अर्धांगवायू, हे त्या वॉर्डातल्या मावशींनाही माहीत होतं. रजिस्ट्रार ओरडले नाहीत. माझा कागद घडी करून माझ्याच खिशात घातला, एवढंच.

त्यांचा पुढचा प्रश्न तू पाठ करून ठेव. "कधीपासून?" मुलगा म्हणाला, "सकाळी उठली तेव्हापासून." तिथं थांबायचं नसतं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ उठल्यापासून नाही, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथपासून मोजतात. म्हणून त्यांनी विचारलं, "रात्री लघवीला उठल्या होत्या का? चालत गेल्या होत्या का?" एमआरआय नाही, काही नाही, नुसते दोन प्रश्न, आणि वेळ कळली.

तेव्हा खिशात एक छोटी वही ठेव, औषधांच्या डोसची नव्हे, शब्दांची. 'अंगावरून पांढरं जातंय', 'डोळ्यापुढं अंधारी', 'हातापायाला मुंग्या', 'दुखणं अंगावर काढलं'. आणि हे सोलापूर आहे. एका खाटेवर अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे आजोबा, शेजारी पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या काकू, पलीकडं दखनी उर्दू बोलणारं कुणी. 'एल्लि नोवु?' म्हणजे कुठं दुखतंय, हे कन्नड. तेलुगूत 'नोप्पी एक्कड?' किती दिवस झाले, जेवलात का, दम लागतो का, एवढं दोन्ही भाषांत विचारता आलं तरी माणूस सैल होतो. उच्चार चुकेल, ते हसतील. हसू देत, पोट तपासायला सोपं जातं. आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथं चिनी शिकून त्या भाषेत शिकवूही लागले. तुला तर फक्त शेजारच्या खाटेपर्यंत जायचंय.

प्रश्न कसा विचारतेस त्यावर उत्तर ठरतं. बाईला "तंबाखू खाता का?" विचारलंस तर "छे!" येणार. "मशेरी लावता का?" विचार. "ती तर सकाळ-संध्याकाळ लावतेच की." तिच्या हिशेबात तो तंबाखू नाहीच. धंद्याच्या रकान्यात 'मजुरी' लिहून मोकळी होऊ नकोस. विड्या वळणारी बाई दिवसभर तंबाखूच्या सुपासमोर वाकून बसते. यंत्रमागावरचा माणूस तुझ्याशी ओरडून बोलतो तो रागानं नव्हे. वर्षानुवर्षं मागाच्या खडखडाटात राहून ऐकू कमी येतं. आणि "गोळ्या चालू आहेत का?" यावर 'नाही' म्हणणाऱ्याच्या उशाशी एक कॅरीबॅग असते. ती उघडायची परवानगी माग. आजाराची अर्धी हिस्टरी त्यात असते, चुरगाळलेली.

पेशंट किती बघायचे? लॉगबुक भरण्यापुरते बघच, ते चुकत नाही. पण माझं ऐकशील तर आठवड्याला एकच पेशंट धर आणि सोडू नकोस. तो आला तेव्हापासून घरी जाईपर्यंत रोज पाच मिनिटं जा. काल सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खळगा पडत होता, आज पडतो का? सलाईन का बंद केलं? रात्री त्याच आजाराचं पुस्तक उघड. नीट-पीजीची, म्हणजे पुढच्या पदवीच्या प्रवेशपरीक्षेची, प्रश्नपेढी सोडव, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त वॉर्डात उभं राहून मोबाईलवर सोडवू नकोस. फार वाईट दिसतं ते.

इमर्जन्सीच्या दिवशी एक काम मागून घे. पावसाळ्यात साप चावलेला पेशंट आला की त्याचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून गोठलंय का बघायचं. गोठलं नाही तर विषाची बाधा झालीय. काचेचीच नळी हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. साबणानं धुतलेलीही नको, रक्त गोठत नाही आणि आपण फसतो. ती वीस मिनिटं तिथं कुणालाच वेळ नसतो. तुला असतो. घड्याळ लावून नळीजवळ बस, येणारा-जाणारा उचलून हलवून बघतो, त्याला अडव. पण मण्यार चावली असेल तर रक्त व्यवस्थित गोठतं आणि पापण्या मिटायला लागतात, तेव्हा बसल्या बसल्या पेशंटच्या डोळ्यांकडंही बघत राहा. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला आणि चावल्याची खूण कुठंच नाही, मण्यारीच्या बाबतीत असंही होतं.

बाकी किरकोळ. नाश्ता करून जा, ऑपरेशन थिएटरात उपाशी पोरंच पडतात. सिस्टरना आधी नमस्कार, मग प्रश्न. वॉर्डातल्या मामा-मावशींशी नीट बोल. पेशंटच्या उजव्या बाजूला उभी राहा, पोट दाबताना नजर त्याच्या चेहऱ्यावर ठेव. पोटातली प्लीहा वाढलेल्या माणसाचं पोट शिकण्यासाठी सकाळपासून दहा जणांनी दाबलेलं असतं. अकरावी होऊ नकोस, संध्याकाळी ये आणि विचारून तपास.

माझ्या दवाखान्यात नऊनंतर गर्दी ओसरते. येत्या शनिवारी ये, एक पेशंट तोंडपाठ घेऊन, कागदाशिवाय. बाबांच्या हाती माझी जुनी नी-हॅमर, गुडघ्यावर ठोकून बघायची हातोडी, पाठवतोय. रबर चिरलंय, पण रिफ्लेक्स येतात. वापर, आणि परत दे.

तुझा,
डॉक्टरकाका