फोर्ट सम्टरच्या गोष्टीत कोणावर नजर ठेवावी?

अमेरिकेतलं यादवी युद्ध कसं पेटलं यावरचं एक गोष्टीसारखं पुस्तक तुम्ही वाचताय, पण नावांच्या गर्दीत नेमकं कोणाकडे लक्ष द्यावं ते कळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. मी म्हणेन, मेजर रॉबर्ट अँडरसनला धरून चला. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरातल्या ज्या सम्टर किल्ल्यावर युद्धाची पहिली लढाई झाली, तिथला संघराज्याचा अधिकारी तो.

हा माणूस केंटकीचा, बायको जॉर्जियाची, एकेकाळी स्वतः गुलामांचा मालक. जीव दक्षिणेत गुंतलेला आणि शपथ संघराज्याच्या सैन्याची. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघालं. सहाच दिवसांनी त्याने आपली मूठभर माणसं मोल्ट्री किल्ल्यातून गुपचूप सम्टरमध्ये नेली. मोल्ट्री जमिनीकडून सहज पडला असता, सम्टरला चहूबाजूंनी पाणी. त्याला लढाई टाळायची होती, पण चार्ल्स्टनच्या लोकांना तो सरळसरळ विश्वासघात वाटला. मला त्याची ही कोंडी फार लागते. समोरचा, दक्षिणेचा सेनापती ब्यूरगार्ड तर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्याच्याच हाताखाली तोफखाना शिकलेला! १२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचारला भडिमार सुरू झाला, दुसऱ्या दिवशी अँडरसनने किल्ला सोडायचं कबूल केलं. त्या भडिमारात एकही माणूस मेला नाही. निघताना निशाणाला सलामी देत असताना स्फोट झाला, त्यात मात्र त्याचा एक शिपाई गेला.

परराष्ट्रमंत्री स्यूअर्डकडेही बघा. किल्ला रिकामा होईल असा भरवसा तो मध्यस्थामार्फत दक्षिणेच्या दूतांना परस्पर देत राहिला. मग राष्ट्राध्यक्ष लिंकनने किल्ल्याला रसद धाडायचं ठरवलं तेव्हा त्यांना आपण फसवले गेलो असंच वाटलं.

एडमंड रफिन हा व्हर्जिनियातला शेतकरी. चुनखडीची माती घालून थकलेली जमीन सुधारणारा, अभ्यासू माणूस. आपलं राज्य फुटत नाही म्हणून सदुसष्टाव्या वर्षी चार्ल्स्टनला आला आणि सम्टरवर तोफ डागली. १८६५ मध्ये दक्षिण हरल्यावर त्याने स्वतःला गोळी घातली.

पण ज्यांच्या गुलामगिरीवरून हे सगळं घडलं, त्यांची नावं अशा पुस्तकांत फारशी येत नाहीत. साउथ कॅरोलायनाच्या सुमारे सात लाख वस्तीत चार लाखांवर माणसं गुलाम होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. त्यांना या युद्धाचं मर्म बरोबर कळलं होतं. म्हणून मेरी चेस्नट या दक्षिणेतल्या बाईची रोजनिशी जिथे येईल तिथे थांबा. तिचा नवरा अँडरसनला निर्वाणीचा निरोप देणाऱ्यांपैकी एक. तोफा धडाडत असताना तिला दिसतं, की घरातल्या गुलाम नोकरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. ती लिहिते: हे मठ्ठ आहेत, की आपल्याहून शहाणे, गप्प राहून आपल्या वेळेची वाट बघणारे?