वाचकांचे प्रश्न : पखवाजाची थाप मध्येच का तुटते?

प्रश्न : मी कुडाळजवळच्या एका गावात राहतो आणि गणेशोत्सवाआधी आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण घरीच करतो. जुना लॅपटॉप, लिनक्स, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि जॅक (आवाजाची ने-आण करणारी संगणकप्रणाली) एवढीच सामग्री आहे. बुवांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज थोड्या रिव्हर्बसह (घुमाऱ्यासह) ऐकायचा असतो, म्हणून 48 किलोहर्ट्झला 128 नमुन्यांचा बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) ठेवला आहे. दर काही मिनिटांनी ‘कट्’ असा आवाज येतो, जॅक एक्सरन (आवाजाचा तुकडा वेळेत न पोचल्याची चूक) दाखवतो आणि पखवाजाची थाप मध्येच तुटते. वीज जाऊन लॅपटॉप बॅटरीवर आला की त्रास वाढतो. रिअल-टाइम कर्नल (वेळ पाळण्यावर भर देणारा लिनक्सचा गाभा) बसवला, यूएसबीच्या इंटरप्टला (उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेला) वरचा अग्रक्रम दिला; सायक्लिकटेस्ट या चाचणीत कमाल विलंब 60 मायक्रोसेकंदच येतो. इंटरप्टच्या यादीत मात्र 17 क्रमांकासमोर यूएसबी कंट्रोलर आणि वाय-फाय अशी दोन्ही नावे दिसतात. दोष कुठे शोधावा?
— एक वाचक

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्यच बहुधा आपले उत्तर आहे. 128 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 2.67 मिलिसेकंदांची मुदत. प्रोसेसर एरवी कितीही मोकळा असला, तरी एकदा जरी ती मुदत चुकली तरी थाप तुटते. सायक्लिकटेस्ट फक्त टायमरने जागा केलेला थ्रेड (प्रोसेसरवरील कामाचा एक धागा) किती उशिरा उठला हे मोजतो, यूएसबी कंट्रोलरचा इंटरप्ट किती वेळ अडकून राहिला हे त्याला कळतच नाही. म्हणून 60 हा आकडा खरा असूनही तो आपल्या दुखण्याविषयी काहीच सांगत नाही.

रिअल-टाइम कर्नलने गुण का आला नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्या कर्नलमध्ये इंटरप्टची बहुतेक कामे थ्रेडमधून होतात आणि त्यांचा अग्रक्रम मुळात 50 असतो. आपण यूएसबीच्या थ्रेडचा अग्रक्रम वाढवलात हे योग्यच. परंतु 17 क्रमांकाची लाइन दोघांत सामाईक असल्यामुळे एकदा इंटरप्ट आला की यूएसबी आणि वाय-फाय या दोघांचेही थ्रेड आपापले काम संपवेपर्यंत ती लाइन बंद ठेवली जाते. मधल्या काळात इंटरफेसकडून पुढचा इंटरप्ट आला, तर त्याचा अग्रक्रम 90 असला तरी त्याला दाराबाहेरच थांबावे लागते. त्यातून वाय-फायचा थ्रेड 50 वरच असेल आणि प्रोसेसरच्या त्याच कोअरवर (गणनेच्या भागावर) जॅक त्याहून वरच्या अग्रक्रमाने चालत असेल, तर जॅकच वाय-फायला मागे ढकलतो आणि लाइन आणखी उशिरा उघडते.

त्यामुळे आधी वाय-फायचा ड्रायव्हर पूर्णपणे काढून अर्धा तास पखवाज वाजवून पाहा; नुसते नेटवर्क तोडणे पुरेसे नाही. एक्सरन थांबले, तर निदान पक्के झाले. त्यानंतर इंटरफेस लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. जुन्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा दोन यूएसबी कंट्रोलर असतात आणि दुसऱ्याचा इंटरप्ट क्रमांक वेगळा असतो. मात्र पोर्ट बदलल्यावर यादी पुन्हा पाहा आणि वाजवत असताना कोणत्या ओळीचा आकडा भराभर वाढतो याची खात्री करा, कारण बाजू बदलली म्हणजे कंट्रोलर बदललाच असे नसते.

बॅटरीवर त्रास वाढतो त्याचे कारण वेगळे असावे. वीज गेली की वीजबचतीची व्यवस्था प्रोसेसरचा वेग उतरवते, त्याला गाढ झोपेच्या अवस्थेत जाऊ देते, आणि काही ठिकाणी यूएसबी उपकरणांनाही झोपवते. मुद्रणापुरता गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी व्यवस्था) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, गाढ झोपेच्या अवस्था बंद करा आणि यूएसबीची आपोआप झोप काढून टाका. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून हे बदल चार्जर काढून तपासल्याशिवाय बुवांना बोलावू नका.

एवढे करूनही ठरावीक अंतराने ‘कट्’ येत राहिला, तर फर्मवेअरच्या (यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रणालीच्या, म्हणजे बायॉसच्या) सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्टचा संशय घ्यावा. तो कर्नलच्या हाताबाहेरचा असतो. हार्डवेअर लेटन्सी डिटेक्टर या तपासणी-साधनाने तो सापडू शकतो, पण त्यावर बायॉस अद्ययावत करणे किंवा दुसरे यंत्र वापरणे याखेरीज फारसा इलाज नाही.

एक सूचना माझ्याकडून. आपल्या इंटरफेसवर थेट मॉनिटरची (माइकचा आवाज संगणकात न नेता सरळ हेडफोनमध्ये देण्याची) सोय असेल, तर बुवांचा मूळ आवाज तिथूनच हेडफोनमध्ये द्या आणि संगणकातून फक्त रिव्हर्ब सोडा, कोरडा (रिव्हर्बविना) आवाज मुळीच नको. मग बफर 512 नमुन्यांचा, म्हणजे सुमारे 10.67 मिलिसेकंदांचा ठेवला तरी चालेल, कारण रिव्हर्ब थोडा उशिरा आला तर गाणाऱ्याला तो उशीर वाटत नाही, खोली जरा मोठी असल्यासारखे वाटते.