स्टीव्हन्सनचे घर, श्रद्धा आणि ‘ट्रेझर आयलंड’

प्रश्न : मुलीला ‘ट्रेझर आयलंड’ वाचून दाखवताना दोन शंका आल्या. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन लहानपणापासून छातीच्या दुखण्याने बेजार होता असे वाचले आहे. मग समुद्राचे इतके नेमके ज्ञान त्याला कोठून मिळाले? आणि लाँग जॉन सिल्व्हरसारखा खुनी समुद्री चाचा शेवटी शिक्षेवाचून कसा सुटतो? लेखकाच्या धर्मविषयक मतांशी याचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांची उत्तरे एडिंबरा येथील एकाच घरात सापडतात. स्टीव्हन्सन 1850 साली जन्मला तो दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांच्या कुळात. भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या खडकावर बेल रॉकचे दीपगृह उभारणारे रॉबर्ट स्टीव्हन्सन हे त्याचे आजोबा. वडील थॉमस आणि काकाही त्याच व्यवसायातले. स्टीव्हन्सनने अभियांत्रिकी अर्ध्यावर सोडली खरी, पण त्याआधी 1870 साली तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एरेड या बेटावर राहून आला होता, कारण तेथे एका नव्या दीपगृहाचे दगड घडवले जात होते. पुढे ‘किडनॅप्ड’ (1886) या त्याच्या कादंबरीत जहाज फुटल्यावर नायक डेव्हिड बॅल्फर याच बेटावर अडकतो, कच्ची शंख-शिंपली खाऊन थंडीपावसात दिवस काढतो, आणि होडीतले कोळी ओरडून सांगतात तेव्हा कुठे त्याला उमगते की ओहोटीच्या वेळी येथून चालतही बाहेर पडता येते. एरेडची ही भरती-ओहोटी लेखकाने स्वतः अनुभवलेली होती.

‘ट्रेझर आयलंड’चा आरंभही एका बेटापासून, त्याच्या नकाशापासून झाला. 1881 च्या पावसाळी दिवसांत स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे सावत्र मुलगा लॉइडच्या करमणुकीसाठी रंगवलेल्या एका बेटाच्या नकाशातून कथा सुचली, आणि रोज लिहिलेले प्रकरण घरात वाचले जाऊ लागल्यावर साठी ओलांडलेले थॉमस त्यात मुलासारखे रमले. कथेतला म्हातारा खलाशी बिली बोन्स याची पेटी उघडण्याची वेळ आली तेव्हा तीत काय काय असावे याची यादी त्यांनी एका लिफाफ्याच्या पाठीवर लिहून दिली आणि मुलाने ती जशीच्या तशी वापरली. मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला, म्हणून पुस्तकातला एकेक उल्लेख पडताळून तो पुन्हा काढावा लागला. त्यावरची कॅप्टन फ्लिंटची, म्हणजे कथेत खजिना पुरून ठेवणाऱ्या चाच्याची, सही थॉमस यांनी केली.

हे मला फार हृद्य वाटते, कारण आठच वर्षांपूर्वी या पितापुत्रांत धर्मावरून दारुण संघर्ष झाला होता. घराणे ख्रिस्ती धर्मातील कडव्या कॅल्व्हिनपंथी वळणाचे. कोणाचा उद्धार होणार हे ईश्वराने आधीच ठरवलेले आहे ही त्या पंथाची शिकवण. आजारी मुलासाठी रात्र रात्र जागणारी दाई अ‍ॅलिसन कनिंगहॅम हिनेही नरकाच्या आणि धर्मासाठी प्राण दिलेल्यांच्या कथाच त्याच्या कानावर घातल्या होत्या. आपली श्रद्धा उरली नाही हे स्टीव्हन्सनने 1873 साली वडिलांना सांगितले, तेव्हा ते पुरते कोसळले. श्रद्धा सुटली, तरी बऱ्यावाइटाचा विचार मात्र त्याने कधी सोडला नाही.

सिल्व्हरचे उत्तर मला येथे दिसते. त्याचा दांडगा उत्साह लेखकाने आपला मित्र, एक पाय गमावलेला कवी विल्यम अर्नेस्ट हेन्ली, याच्यावरून घेतला होता. हाच हसतमुख सिल्व्हर आपल्या कटात सामील न झालेल्या टॉम या खलाशाच्या पाठीत कुबडी फेकून मारतो आणि मग त्याला सुऱ्याने भोसकतो. झुडपात दडलेला जिम, म्हणजे कथा सांगणारा मुलगा, ते पाहतो. पुढे हाच सिल्व्हर, स्वतःचा हिशेब मनात ठेवून का होईना, जिमला आपल्या साथीदारांच्या हातून वाचवतो. जन्माआधीच माणसांची विभागणी झाली आहे हे नाकारणाऱ्या लेखकाने या माणसाला एका बाजूला टाकले नाही, आणि नाण्यांची एक थैली घेऊन तो निसटतो तेव्हा जिमसह सगळ्यांना सुटल्यासारखेच वाटते.

मुलगी थोडी मोठी असेल तर यानंतर ‘किडनॅप्ड’ वाचावे. तेथे हिशेबी डेव्हिड आणि बंडखोर अ‍ॅलन ब्रेक एकमेकांची मते मुळीच पटत नसताना डोंगर तुडवतात, भांडतात, तलवार उपसण्यापर्यंत जातात, आणि तरीही एकमेकांना सोडत नाहीत.