संदर्भ तिचे तिला शोधू द्या

प्रश्न : मुलीला जेमतेम दिसतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रंथालयशास्त्र शिकून कॉलेजच्या मुलांना संदर्भ कसे शोधायचे ते शिकवायचं म्हणते. कपाटातलं पुस्तक जिला दिसत नाही, ती काय शिकवणार? आजवर तिचे सगळे संदर्भ मीच शोधून दिले. तिने बँकेची परीक्षा द्यावी, एवढं तिला समजवा. – एक वडील

उत्तर : नाही समजावणार. मला काळजी वाटली ती तिच्या नजरेची नाही, तुमच्या मदतीची. कोणते शब्द टाकून शोधायचं, हाती आलेल्या लेखांतले कोणते ठेवायचे, कोणावर विश्वास ठेवायचा, हे सगळं तुम्हीच ठरवत आलात. त्यामागची माया कळते. पण अभ्यासातला विचार करायचा भागच तुम्ही तिच्याकडून काढून घेतलात आणि आता तिला जमणार नाही असंही तुम्हीच म्हणता. हा अन्याय आहे.

ग्रंथपाल म्हणजे कपाटातून पुस्तक काढून देणारा, हा समज आधी सोडा. तिला शिकवायचंय ते वेगळं आहे. पसरट विषयातून नेमका प्रश्न कसा काढायचा, एका कीवर्डला पर्यायी शब्द कोणते, शोधशब्दांमध्ये ‘अँड’ घातल्याने निकाल घटतात आणि ‘ऑर’ने वाढतात ते का, एका चांगल्या लेखाच्या संदर्भसूचीतून पुढचे लेख कसे गाठायचे. यातलं काहीच नजरेवाचून अडत नाही. ‘हे बघा, इथे क्लिक करा’ म्हणत पडद्याकडे बोट दाखवणाऱ्या शिक्षकाकडून अंध विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही, मागच्या बाकावरच्यालाही फारसं नाही. बटणाचं नाव घेऊन, माउसशिवाय तिथे कसं पोचायचं ते सांगणारी शिक्षिका मात्र सगळ्यांनाच समजते. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर केल्याशिवाय स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, त्यात वाचायला काही सापडत नाही. हे ज्याला स्वतःला भोगावं लागलंय, तो वर्गाला वाचता न येणारी फाइल सहसा देणार नाही.

ग्रंथालयशास्त्राची पदवी, पदव्युत्तर पदवी, मग पात्रता परीक्षा. या वाटेची माहिती सहज मिळेल. बँकेची परीक्षा तिला स्वतःला हवी असेल तरच.

सध्या एवढंच करा. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर तिच्या संगणकावर नसेल तर घाला. त्यात ‘एच’ दाबलं की पानावरच्या पुढच्या हेडिंगवर जाता येतं. पुढच्या प्रकल्पाचे संदर्भ तिचे तिने शोधावेत. वेळ लागेल, लागू दे. तुम्ही शेजारी बसू नका. अडलं तर ग्रंथपालांना तिनेच विचारावं. आणि लेख शोधायचा कोणता डेटाबेस नुसत्या कीबोर्डवर चालत नाही, कुठे अडकायला होतं, याची तिने वही ठेवावी. शिकवायला लागेल तेव्हा पहिल्या तासाची तयारी तिला त्यातूनच करता येईल.