हेमाडपंती की हेमाडपंथी?

परभणीकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: "गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाच्या पाटीवर 'हेमाडपंथी मंदिर' असं रंगवलंय. शाळेत मात्र 'हेमाडपंती' वाचल्याचं आठवतं. बरोबर कोणतं? आणि अशी सगळी देवळं हेमाडपंतांनीच बांधली का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. 'पंती'च, त लिहायचा. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख, हेमाद्रि पंडित हा बोलण्यात हेमाडपंत झाला. 'पंडित' झिजून 'पंत' होणं आपल्या ओळखीचं आहे. मोरोपंत, पंतप्रतिनिधी, पंतोजी यांतला पंत तोच. त्याला ई लागला की विशेषण तयार, जसं पैठणचं पैठणी. इथे पंथाचा, म्हणजे मार्गाचा, काही संबंध नाही.

मग थ आला कुठून? आला तो मराठवाड्याच्या मातीतूनच, असं मला वाटतं. नाथपंथी, महानुभाव पंथ, वारकरी पंथ हे शब्द इथे रोजच्या कानावरचे. देवळाच्या संदर्भात 'पंती' ऐकलं की मन आपोआप 'पंथी' जुळवून घेतं. यात गंमत अशी, की याच पंथांपैकी महानुभावांना हेमाद्रीचं नाव मुळीच गोड नाही. चक्रधरस्वामींच्या छळामागे त्याचा हात होता असं त्यांची परंपरा मानते. त्याच्या नावाने पंथ काढलेला त्यांना कितपत रुचेल, कुणास ठाऊक.

दुसरा प्रश्न जास्त रसाळ आहे. हेमाद्रि मंत्री झाला महादेव यादवाच्या काळात, आणि महादेव गादीवर आला १२६१च्या सुमारास. पुढे रामचंद्रदेवाच्या दरबारीही तो होता. आता ठाण्याकडचं अंबरनाथचं देऊळ पाहा. तेही सर्रास हेमाडपंती म्हणून सांगितलं जातं, पण तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६०चा आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं! इतकं लांब जायचं नसेल तर अंबाजोगाईला जा. तिथलं खोलेश्वराचं देऊळ ज्याच्या नावाचं, तो खोलेश्वर सिंघण यादवाचा सेनापती. सिंघण महादेवाचा आजा. खाली निलंगा, होट्टल या भागात तर यादवांच्याही आधीच्या, कल्याणीच्या चालुक्यांची छाप आहे, तरी गावकरी त्या देवळांनाही हेमाडपंतीच म्हणतात.

एका माणसाने इतकी देवळं बांधली कशी, हा प्रश्न लोकांनाही पडला होताच. म्हणून कथा तयार झाली: हेमाडपंताने लंकेत जाऊन बिभीषणाला बरं केलं, आणि त्या बदल्यात मिळालेल्या राक्षसांकडून एका रात्रीत देवळं उभी करून घेतली. मोडी लिपीही त्याने लंकेहूनच आणली म्हणे. कथा खोटी म्हणून सोडून देण्याआधी एवढं बघावं, की ती सांगणाऱ्याला हे भले मोठे दगड चुन्याशिवाय कसे बसले याचं खरंखुरं नवल वाटलेलं आहे.

आणि नवल वाटावं असंच ते काम आहे. एका दगडाला कुसू, म्हणजे पुढे काढलेला दात, दुसऱ्याला खोबण. एक दुसऱ्यात बसवायचा आणि वरच्या वजनाने सांधा दाबून ठेवायचा. सभामंडपात उभं राहून मान वर केली तर छताची युक्ती कळते. चार खांबांवरच्या चौकोनाचे कोपरे तिरक्या शिळा टाकून कापलेले असतात, त्या लहान झालेल्या चौकोनाचे पुन्हा तसेच, असं करत शेवटी एका नक्षीदार शिळेने तोंड बंद होतं. कमान नाही. बोलण्यातल्या 'हेमाडपंती'चा अर्थ खरं तर एवढाच आहे: बिनचुन्याचं, काळ्या दगडाचं, जुनं. तो कर्ता सांगत नाही, बांधणी सांगतो. म्हणून तर चारठाण्यासारख्या गावात देवळाबरोबर बारवही हेमाडपंती ठरते.

अभ्यासक या देवळांच्या शिखराला 'भूमिज' म्हणतात. हा शब्द हेमाद्रीहून जुना, माळव्याच्या राजा भोज परमाराच्या नावावरच्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथातही आहे. शिखराच्या चारही अंगांना मधोमध खालून वर जाणारे नक्षीचे पट्टे, त्यांना लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक; प्रत्येक रांग म्हणजे एक भूमी. अडचण अशी, की मराठवाड्यातल्या अनेक देवळांची मूळ शिखरंच उरलेली नाहीत. औंढा नागनाथाला प्रदक्षिणा घालताना हे डोळ्यांनी दिसतं. खाली जोतं आणि भिंती कोरीव काळ्या दगडाच्या, वरचं पांढरं शिखर पुष्कळ नंतरचं, चुन्याचं. अशा वेळी अख्ख्या देवळाला एक विशेषण लावणं चूकच.

माझं मत विचाराल तर बोलताना 'हेमाडपंती' खुशाल म्हणावं. शब्द रुळलेला आहे, समोरच्याला चित्र दिसतं. माहितीफलकावर किंवा शाळेच्या पुस्तकात मात्र काळ आणि शैली वेगवेगळी लिहावी: यादवकालीन, चालुक्यकालीन, भूमिज, जे असेल ते. 'हेमाडपंतांनी बांधलेले' हे वाक्य तर शिलालेखाचा आधार असल्याशिवाय लिहूच नये.

जाता जाता, 'हेमांडपंती' असंही पुष्कळ जण लिहितात. तो अनुस्वारही उपरा आहे. मूळ नाव हेमाद्रि, त्यात अनुनासिक म एकटाच, आणि तो आधीच लिहिलेला आहे.