पहिल्या वर्षी एकच एकर घ्या भाऊ

भाऊ, काटोलकडं पाच एकर आहे अन् सेंद्रिय शेती करायची म्हणता ना, तर एकदम पाचही एकर सेंद्रिय करू नका, मी तेच केलं अन् पहिल्या वर्षी पिकाचं उत्पन्न एवढं पडलं का घरचे अजून टोमणे मारतात. एक एकर घ्या, बाकी आहे तसं चालू द्या. जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, त्यासाठी २०० लिटरचा पाण्याचा ड्रम, त्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन अन् बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीनं ढवळा, दोन-तीन दिवसात आंबूस वास आला का झालं, आठवड्याच्या आत वापरून टाका. पण ओल असतानाच द्या, कोरड्या जमिनीत टाकलं तर मेहनत वाया.

कपाशीत सहा-आठ ओळींमागं तूर लावाच, भाव पडला तर तीच सांभाळते. पेरणी जमिनीच्या उताराला आडवी करा. बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा, अन् फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तेच पीक पुढं ठेवणं, घेऊ नका. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) जाळता का? श्रेडर, म्हणजे काड्या बारीक करायचं यंत्र, भाड्यानं आणा, भुगा करून खतात कुजवा. माती परीक्षण तेवढं आधी करून घ्या.