जुन्या घरात भिंतीला बुरशी आली आहे, हवेची तपासणी करून घ्यावी का?

ताई, नंतर वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो. घर संभाजीनगरच्या सिडकोतलं, १९८५ च्या आसपासचं रो-हाउस, सासऱ्यांनी घेतलेलं. मुलीच्या खोलीत कपाटामागं काळे ठिपके आलेत, पावसाळ्यात कुबट वास येतो, मुलीला सकाळी उठल्या उठल्या शिंका आणि खोकला. एकानं घरी येऊन हवेचे नमुने घेतो, प्रयोगशाळेचा रिपोर्ट देतो, १८ हजार होतील असं सांगितलंय. द्यावेत का?

आत्ता देऊ नका. बुरशी डोळ्यांना दिसतेय, नाकाला कळतेय. ती आहे हे सिद्ध करायला १८ हजार कशाला? ओल कुठून येते हे शोधायला आणि ती बंद करायला ते पैसे लागणार आहेत. मी १८ वर्षं जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतोय, त्यातली निम्मी कामं ओलीचीच असतात, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

हवेच्या तपासणीत पंपानं ठरावीक लिटर हवा एका चिकट काचपट्टीवर ओढतात आणि तिच्यावर बसलेले बुरशीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. बीजाणू कुठं नसतात? अंगणात, धान्याच्या कोठीत, आपल्या कपड्यांवर, सगळीकडं. भाकरी डब्यात चार दिवस राहिली तर तिच्यावर बुरशी येतेच, म्हणून घर बिघडलं असं कुणी म्हणत नाही. त्यामुळं घरातला आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच दिवशी घराबाहेरचाही नमुना घेतला तर निदान तुलना होते. त्यातही सकाळी पंखा बंद असताना एक आकडा येतो, खोली झाडल्यावर दुसरा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं घरातल्या हवेत किती बुरशी चालेल याची मर्यादा ठरवलेली नाही, आणि बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरजच नाही असं ती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही असा आकडा नाही. भर आहे तो ओल रोखण्यावर.

आपण बुरशीचे जे व्हिडिओ बघतो ते बहुतेक अमेरिकेतल्या घरांचे. तिथं लाकडी सांगाडा आणि त्यावर कागद लावलेले जिप्समचे बोर्ड. पाणी लागलं की भिंतीच्या पोटात बुरशी वाढते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. आपल्याकडं वीट, दगड आणि सिमेंटचा गिलावा, यांत बुरशीला खायला काही नाही. ती वाढते रंगावर, धुळीवर, कपाटाच्या प्लायच्या पाठीवर, कपड्यांवर, पुस्तकांवर. म्हणजे आपल्याकडं बुरशी समोरच असते, लपलेलं असतं ते पाणी. (फॉल्स सीलिंग असेल तर मात्र एक तुकडा काढून वर बघा.)

हे मला घरच्या अनुभवानं शिकवलं. २०१६ चा पावसाळा. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि इकडं आमच्या आईच्या खोलीची भिंत भिजत होती. आईचा खोकला थांबेना. मी बाहेरगावी कामावर, म्हणून भावानं एकाला बोलावलं. त्यानं नमुने घेतले, चार पानांचा रिपोर्ट दिला, त्यात ॲस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम अशी बुरशींची नावं. आम्ही घाबरलो. त्यानं सांगितलेला महागडा रंग मारला. दिवाळीपर्यंत तोही फुगला. त्या भिंतीच्या वर काय आहे हे त्यानं विचारलं नव्हतं, आणि आम्हीही बघितलं नव्हतं. वर टाकी होती. आपल्याकडं नळाला पाणी रोज कुठं येतं? आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, तेही रात्री. आलं की मोटार लावायची आणि टाकी वाहायला लागली की बंद करायची. टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप तुटून भिंतीला टेकलेला होता आणि दर वेळी पंधरा-वीस मिनिटं पाणी भिंतीवरून उतरत होतं. दोनशे रुपयांचा पाइप आणि एक बॉल कॉक, एवढंच काम होतं ते. आईनं त्या खोलीत काढलेले सहा महिने मला अजून बोचतात.

मराठवाड्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणाच्या मानानं काहीच नाही. तरी आपली जुनी घरं ओली असतात, कारण पाणी कमी म्हणून आपण ते घरातच साठवतो. जमिनीखाली हौद, वर टाकी, न्हाणीत पिंप. म्हणून शोधाची सुरुवात साठ्यापासून करा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या रेषेवर खूण करा, सकाळी बघा. रेष उतरली असेल तर टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्या रात्री तेच करा. आता उतरली नाही तर गळती पाइपात आहे, तरीही उतरली तर टाकीच गळतेय. हौदालाही अशीच खूण करून ठेवा.

मग भिंतीकडं या. कपाट ओढा, बॅटरी भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाका, फुगवटे लगेच दिसतात. रुपयाच्या नाण्यानं ठोकत जा, गिलावा सुटलाय तिथं पोकळ आवाज येतो. पांढरं, कापसासारखं काही दिसलं तर त्याच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे विटेतून बाहेर आलेला क्षार. लोणा बुरशी नाही, पण भिंतीच्या आतून पाणी येतंय हे तो नक्की सांगतो. डाग काळा असेल तर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब लावून दोन मिनिटं थांबा. फिकट पडला तर बहुधा बुरशी, तसाच राहिला तर उदबत्तीची किंवा स्वयंपाकाची काजळी.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला लावा, चारही कडा टेपनं बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी याच वेळेला बघा. दव खोलीच्या बाजूनं असेल तर ओल हवेतली आहे: आत वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या, न्हाणीची वाफ. दव भिंतीच्या बाजूनं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. या एका तुकड्यानं अर्धा निकाल लागतो. सोबत चार-पाचशे रुपयांत मिळणारा आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल मीटर आणा. खोलीतली आर्द्रता दिवसेंदिवस ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर बुरशीची सोय आपणच करून देतोय. उन्हाळ्यात खिडकी न उघडता कूलर लावणाऱ्यांनी हा मीटर एकदा खोलीत ठेवून बघावा. कूलरच्या खिडकीखालची भिंत तर मी न बघताच सांगतो, ओली असते.

पाणी भिंतीतून येत असेल तर डागाचा आकार बघा. फरशीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत आडवा पट्टा, वरची कड नागमोडी, म्हणजे जमिनीतून चढलेली ओल. सिडकोतल्या जुन्या घरांत हे फार दिसतं, आणि त्याचं कारण घरात नसतं, रस्त्यावर असतं. घर बांधलं तेव्हा जोतं रस्त्यापासून दीड-दोन फूट वर होतं. मग डांबरावर डांबर, त्यावर सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक. आता अंगण आणि जोतं एका पातळीला आलं. ओल अडवणारा डीपीसीचा थर जोत्यात असतो, तो मातीखाली गेला की उपयोगाचा राहत नाही. काही घरांत भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करतात, तिथंही हेच होतं. तुमच्या मुलीच्या खोलीबाहेर असं काही आहे का, आजच बघा.

डाग मध्येच, गोल किंवा पंख्यासारखा असेल तर पाइप. रो-हाउसमध्ये भिंत सामाईक असते, तेव्हा पलीकडं शेजाऱ्यांची न्हाणी आहे का हे विचारायला संकोच करू नका. त्यांच्या मोरीच्या जाळीत खाण्याचा लाल रंग पाण्यातून ओतायचा आणि दोन-तीन दिवस आपल्या बाजूला वाट बघायची. रंग दिसला तर वादच मिटतो. नाही दिसला म्हणून न्हाणी निर्दोष ठरत नाही, एवढं लक्षात ठेवा. काळ्या मातीवर घर असेल तर जमिनीखालचे ड्रेनेजचे पाइपही तपासा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपांचे सांधे सुटतात.

हे सगळं करूनही वास येतो आणि डाग कुठंच दिसत नाही, घरमालकाशी किंवा विकणाऱ्याशी वाद आहे, किंवा घरात प्रतिकारशक्ती फार कमी झालेला रुग्ण आहे आणि डॉक्टरच तपासणी मागतायत, अशा वेळी पैसे खर्च करा. पण तपासणारा आणि रंग, केमिकल विकणारा एकच माणूस नको. बाहेरचा नमुना घेणार का आणि ओलीचा मीटर लावून भिंती बघणार का, हे आधी विचारा. मुलीसाठी तर भिंतीच्या रिपोर्टपेक्षा छातीच्या किंवा ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवणं जास्त गरजेचं आहे. खोलीत गेल्यावर त्रास वाढतो का, गावी गेल्यावर कमी होतो का, हे त्यांना सांगा. आणि २०२१ मध्ये कोविडनंतर ‘काळी बुरशी’ म्हणून जो आजार आला, ती म्युकर वेगळी. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड, ढासळलेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना तिनं गाठलं. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांना ते नाव देऊन घाबरू नका.

डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरी साफ करता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, मुलगी दुसऱ्या खोलीत. कोरडा ब्रश मारू नका, बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा आणि भिंत वाळवा. ब्लीच आणि ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइल पेंट तर नकोच, पाणी आत कोंडतं आणि आणखी वर चढतं. नऊ इंची भिंत पंधरा दिवसांत वाळत नाही, दोन-तीन महिने द्यावे लागतात. म्हणून गिलावा दिवाळीनंतर काढा, थंडी आणि फाल्गुन-चैत्राच्या उन्हात भिंत उघडी राहू द्या, आणि नवा गिलावा, रंग मृगाच्या आत उरका. घर जुन्या दगड-मातीचं किंवा चुन्याचं असेल तर त्यावर सिमेंट न मारता चुन्याचाच गिलावा करणारा मिस्त्री शोधा.

तोपर्यंत मुलीचा पलंग त्या भिंतीपासून हलवा, कपाट चार बोटं पुढं ओढा म्हणजे मागून हवा खेळेल. प्लास्टिकचा तुकडा आज रात्री लावा. दव कोणत्या बाजूनं आलं आणि डाग फरशीपासून किती उंचीवर आहे, एवढं खाली लिहा, पुढचं मी सांगतो.